आठवड्यास आठ पौंड



मीं आयुष्यभर मुलांना गणित शिकविलें आणि संध्याकाळीं शाळेच्या मैदानावर शिट्टी वाजविली. या दोन कामांचा एकमेकांशीं कांहीं संबंध आहे, असें मला नोकरींत असेपर्यंत कधीं वाटलें नाहीं. एका पावसाळ्यांत आमच्या शाळेच्या संघांतला एक मुलगा सामना संपल्यावर चिखलानें माखलेल्या पायांनींच माझ्यापुढें येऊन उभा राहिला. त्या दिवशीं त्यानें तीन गोल केले होते. तो म्हणाला, "गुरुजी, फुटबॉलवर पोट भरतें का हो?" मीं म्हटलें, "नाहीं. उद्यां व्याजाचीं उदाहरणें पुरीं करून आण." मुलगा हिरमुसला. उदाहरणें त्यानें आणलीं, तीं बहुतेक बरोबरही होतीं. परंतु त्यानंतर तो हळूहळू मैदानावर येईनासा झाला.

त्याचा प्रश्न जमाखर्चाचा होता आणि गणिताचा मास्तर असूनही मीं त्याला आंकड्यांनीं उत्तर दिलें नाहीं. ही रुखरुख सेवानिवृत्तीनंतर मला अधिकच लागली. आज या ध्वनिक्षेपकासमोर मला पंधरा मिनिटें मिळालीं आहेत. त्या मुलाचा प्रश्न मी आज पुन्हां हातीं घेणार आहें, आणि त्यासाठीं एका इंग्रज खेळाडूची कारकीर्द आपणांपुढें मांडणार आहें. फुटबॉल हा पोटाचा धंदा प्रथम इंग्लंडांत झाला. तेथें १८८५ सालीं धंदेवाईक खेळाडूंना रीतसर मान्यता मिळाली. तेव्हां पोटाचा प्रश्न विचारावयाचा तर तेथल्याच माणसास विचारावा हें बरें.

या माणसाचें नांव विल्यम राल्फ डीन. लोक त्याला 'डिक्सी' डीन म्हणत. हें टोपणनांव त्याला मनापासून आवडत नसे. त्याचे काळे कुरळे केस व सांवळटपणाकडे झुकणारा वर्ण पाहून कोणीतरी अमेरिकेच्या दक्षिण भागावरून तें पाडलें, असें सामान्यतः समजतात. आपणांस बिल म्हणावें असें त्याला वाटे. पण लोकांनीं ठेवलेलें नांव पुसणें कोणाच्या हातीं असतें? मी आपला डीन एवढेंच म्हणेन.

डीन २२ जानेवारी १९०७ रोजीं बर्कनहेड येथें जन्मला. मर्सी नदीच्या एका तीरावर लिव्हरपूल आणि समोरच्या तीरावर गोद्यांचें व जहाजबांधणीचें हें गांव. बाप रेल्वेंत एंजिन चालवी. मुलगा पहांटे उठून दूध घालीत असे आणि बाकीचा वेळ चेंडूमागें. त्याच्या बालपणाची एक गोष्ट मला फार नवलाची वाटते. गांवांत वाट चुकलेल्या मुलांना सुधारण्यासाठीं एक औद्योगिक शाळा होती. तेथें फुटबॉलची सोय उत्तम होती. या मुलाचा कांहीं अपराध नसतां केवळ खेळावयास मिळावें म्हणून तो आपण होऊन त्या शाळेंत राहिला! चौदाव्या वर्षीं शिक्षण संपलें आणि रेल्वेच्या कारखान्यांत तो फिटरचा उमेदवार झाला. रात्रपाळीला उंदरांचा सुळसुळाट असे, त्यामुळें इतर उमेदवार ती टाळीत. डीननें ती मागून घेतली, कारण मग दिवस खेळावयास मोकळा राही.

१९२४ सालच्या जानेवारींत, वयाचीं सतरा वर्षें पुरीं होण्याच्या सुमारास, तो गांवच्या ट्रॅनमिअर रोव्हर्स या क्लबाकडून प्रथम खेळला. तेथें लीगच्या तीस सामन्यांत त्यानें सत्तावीस गोल केले. तो सेंटर-फॉरवर्ड होता. म्हणजे आघाडीच्या फळीच्या मध्यभागीं राहून गोल करणें हेंच ज्याचें मुख्य काम, असा खेळाडू. अशा मुलावर मोठ्या क्लबांची नजर न पडती तरच आश्चर्य. १९२५ च्या मार्चमध्यें नदीपलीकडच्या एव्हर्टन क्लबानें त्याला तीन हजार पौंडांस घेतलें. एव्हर्टनचे चिटणीस घरीं येऊन गेले तेव्हां डीन सिनेमास गेला होता. परत आल्यावर आईनें निरोप सांगितला, तसा तो त्यांना गांठण्यासाठीं अडीच मैल पळत गेला.

आतां हे तीन हजार पौंड कोणास मिळाले, इकडे लक्ष द्यावें. खेळाडूची नोंदणी ही क्लबाची मालमत्ता. क्लब सोडील तरच खेळाडूनें जावें. नाहींतर करार संपला असतांही दुसरीकडे खेळण्याची त्याला बंदी. म्हणून विक्रीची रक्कम क्लबास मिळे. डीन पुढें सांगत असे कीं, या व्यवहारांतून आपल्या आईबापांस तीनशें पौंड मिळतील असें त्याला वाटलें होतें, प्रत्यक्षांत हातीं आले तीस. त्यानें लीगच्या अध्यक्षांकडे दाद मागितली. सही करून बसलास, आतां इलाज नाहीं, असें उत्तर मिळालें. तीन हजारांत तीस म्हणजे शेंकडा एक. आमच्याकडे बैलबाजारांतला दलालसुद्धां याहून अधिक घेतो.

त्याच उन्हाळ्यांत खेळाच्या कायद्यांत एक शब्द बदलला. ही गोष्ट समजल्याशिवाय डीनची कामगिरी नीट समजत नाहीं. फॉरवर्डकडे चेंडू टाकला जातो त्या क्षणीं तो आणि प्रतिपक्षाची गोलरेषा यांच्या दरम्यान प्रतिपक्षाचे निदान तीन गडी असले पाहिजेत, नाहींतर तो ऑफसाइड, असा जुना नियम होता. गोलकीपर हा त्यांतला बहुधा एक. मग कसलेला बॅक काय करी? ऐन वेळीं दोन पावलें पुढें सरके. फॉरवर्ड आपोआप ऑफसाइड होई आणि शिट्टी वाजे. न्यूकॅसलचा बिल मॅक्रॅकन या कामांत इतका तरबेज होता कीं, पाहणारे लोक संतापत. खेळ असा तुटक होऊं लागल्यामुळें १९२५ सालीं 'तीन' या शब्दाच्या जागीं 'दोन' हा शब्द घातला गेला. परिणाम पहा. पहिल्या वर्गाच्या लीगमध्यें १९२४–२५ सालीं सर्व मिळून ११९२ गोल झाले होते. पुढच्याच हंगामांत, तितक्याच सामन्यांत, १७०३ झाले. डीननें त्यांत बत्तीस गोल करून आपला वाटा उचलला.

यावर टीकाकार म्हणतील, मग डीनचें कौतुक कशाचें? कायद्यानेंच गोल स्वस्त केले. आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. पण याचें उत्तर देण्यापूर्वीं १९२६ च्या जूनमध्यें काय झालें तें सांगितलें पाहिजे. उत्तर वेल्समध्यें डीनच्या मोटारसायकलीस अपघात झाला. कवटी फुटली, जबडा मोडला, दीड दिवस शुद्ध नव्हती. हा मुलगा पुन्हां फुटबॉल खेळेल कीं नाहीं याविषयीं डॉक्टर साशंक होते. एकोणीस वर्षांचें वय! त्याच वर्षीं ऑक्टोबरांत तो पुन्हां मैदानावर उतरला आणि ज्या डोक्याची सर्वांस काळजी, त्याच डोक्यानें त्यानें गोल केला. पुढें पुष्कळ वर्षें लोकांची अशी समजूत होती कीं, शस्त्रवैद्यांनीं त्याच्या डोक्यांत लोखंडी पत्रा बसविला आहे आणि म्हणूनच त्याच्या डोक्याच्या तडाख्यास एवढा जोर. ही निव्वळ दंतकथा. माणसाच्या जिद्दीपेक्षां लोखंडावर लोकांचा विश्वास चटकन बसतो, हें मीं शाळेंतही पाहिलें आहे.

त्याची उंची पांच फूट दहा इंच. म्हणजे राक्षसी कांहीं नाहीं. परंतु उडी कधीं मारावी हें त्याला नेमकें कळे. डाव्या बाजूस अॅलेक ट्रूप नांवाचा लहान चणीचा स्कॉच गडी खेळे. तो कडेनें चेंडू नेऊन असा अलगद उंच टाकी कीं, डीननें धांवत यावें आणि कपाळानें त्याला दिशा द्यावी.

१९२७–२८ चा हंगाम आला. आदल्या वर्षीं दुसऱ्या वर्गाच्या लीगमध्यें मिडल्सबरोच्या जॉर्ज कॅम्सेलनें एका हंगामांत ५९ गोल करून ठेवले होते. हा आंकडा आतां शंभर वर्षें हलणार नाहीं, असें लोकांस वाटलें असल्यास नवल नाहीं. डीनचे गोल वाढतां वाढतां शेवटून दुसऱ्या सामन्यापर्यंत ५३ झाले. त्या बर्न्लीच्या सामन्यांत त्यानें चार केले. सत्तावन्न! उरला एक सामना, आणि लागत होते तीन गोल.

५ मे १९२८. लिव्हरपूलचें गुडिसन पार्क मैदान; प्रतिपक्ष आर्सेनल. लीगचें अजिंक्यपद एव्हर्टननें अगोदरच मिळविलें होतें. लोक जमले होते ते तीन गोल पाहण्यास. प्रथम आर्सेनलनेंच गोल केला. थोड्याच वेळांत डीननें तो फेडला. मग पेनल्टी मिळाली; तीही त्यानें मारली. एकोणसाठ झाले. त्यानंतर मात्र कांटा जागचा हलेना. मध्यंतर गेलें, एक तास गेला, सव्वा तास गेला. आठ मिनिटें उरलीं असतां एव्हर्टनला कॉर्नर मिळाला. ट्रूपनें चेंडू उचलून टाकला, गर्दींतून डीनचें डोकें वर आलें, आणि साठावा गोल झाला. शेवटीं आर्सेनलनें आणखी एक गोल करून सामना ३–३ असा बरोबरींत सोडविला, पण तिकडे कोणाचें लक्ष असणार? एकोणचाळीस सामन्यांत साठ गोल. इंग्लंडच्या सर्वोच्च लीगमध्यें एका हंगामांत एवढे गोल त्यानंतर आजवर कोणी केलेले नाहींत.

त्याच सामन्यांत आर्सेनलकडून चार्ली बकन आपल्या कारकीर्दीचा शेवटचा सामना खेळत होता. हाही फॉरवर्डच. त्याचा विषय मी दोन कारणांनीं काढतों. एक असें कीं, ऑफसाइडचा नियम बदलल्यावर गोलांचा पूर थोपविण्याची युक्ति जीं माणसें सुचवीत होतीं, त्यांत तो अग्रभागीं होता. १९२५ च्या ऑक्टोबरांत न्यूकॅसलकडून सात गोलांनीं हरल्यावर त्यानें आर्सेनलचे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांच्यापाशीं आग्रह धरला कीं, सेंटर-हाफला मागें घेऊन दोन बॅकांच्या मध्यें उभा करावा. या तिसऱ्या बॅकाचें काम एकच: डीनसारख्या माणसाच्या अंगास चिकटून राहणें. ही युक्ति हळूहळू सर्व क्लबांनीं उचलली, आणि तरीही १९३१–३२ सालीं डीननें ३८ सामन्यांत ४५ गोल केले. मघाच्या आक्षेपाचें उत्तर माझ्या मतें यांत आहे.

दुसरें कारण हिशेबाचें. १९२५ सालीं संडरलंडकडून बकनला घेतांना आर्सेनलनें दोन हजार पौंड रोख आणि पहिल्या हंगामांत तो करील त्या प्रत्येक गोलास शंभर पौंड देण्याचें ठरविलें. त्यानें २१ गोल केले. एकूण ४१०० पौंड झाले. गोलास शंभर पौंड हा भाव लक्षांत ठेवावा. अर्थात् तो क्लबानें क्लबास दिलेला. आतां डीनचा भाव काढूं. इंग्लंडमध्यें खेळाडूच्या पगारास लीगनेंच कमाल मर्यादा घातली होती. डीनच्या काळीं ती हंगामांत आठवड्यास आठ पौंड व उन्हाळ्यांत सहा पौंड. हंगामाचे ३७ आठवडे धरले तर २९६ पौंड, उन्हाळ्याच्या १५ आठवड्यांचे ९०, वर्षाचे ३८६. यांस साठांनीं भागा. एका गोलास ६ पौंड ८ शिलिंग ८ पेन्स! सामना जिंकल्यास दोन पौंड व बरोबरीस एक पौंड बक्षीस असे, तें मीं धरलेलें नाहीं. धरलें तरी उत्तरांत फार फरक पडत नाहीं. आणि साठ गोल करणाऱ्यास जे आठ पौंड, तेच क्लबाच्या मनांत असेल तर एकही गोल न करणाऱ्यासही.

मात्र येथें मला न्याय सोडून बोलावयाचें नाहीं. आठवड्यास आठ पौंड ही त्या काळच्या कारागिराच्या मजुरीच्या दुपटीहून अधिक रक्कम होती. रेल्वेंतला फिटर राहता तर डीनला ती मिळती ना. तो उपाशी होता असें कोणीं म्हणूं नये. त्याच्या अंगांतून जें उत्पन्न निघत होतें आणि त्याच्या हातीं जें पडत होतें, यांतलें अंतर तेवढें मी दाखवीत आहें.

पुढचीं वर्षें मी झरझर सांगतों. १९३० सालीं एव्हर्टन दुसऱ्या वर्गांत घसरला. १९३१ सालीं तेथें पहिला येऊन वर आला. १९३२ सालीं पहिल्या वर्गाचें अजिंक्यपद. १९३३ सालीं वेंब्ली येथें एफ. ए. कप. या अंतिम सामन्यांत मँचेस्टर सिटीचा तीन शून्य असा पराभव झाला. कप्तान डीन होता आणि त्यानें एक गोलही केला. कपाच्या अंतिम सामन्यांत खेळाडूंच्या पाठीवर आंकडे प्रथम त्याच दिवशीं आले. एव्हर्टनला एक ते अकरा, प्रतिपक्षास बारा ते बावीस. डीनच्या पाठीवर नऊ होता. सेंटर-फॉरवर्डला नऊ क्रमांक देण्याची जी चाल आज आपल्या गल्लींतल्या पोरांनाही ठाऊक आहे, तिच्या उगमापाशीं हा माणूस उभा आहे. इंग्लंडतर्फे तो सोळाच सामने खेळला आणि त्यांत अठरा गोल केले. पैकीं बारा पहिल्या पांच सामन्यांतले.

१९३६ च्या डिसेंबरांत एव्हर्टननें टॉमी लॉटन नांवाचा सतरा वर्षांचा मुलगा साडेसहा हजार पौंडांस आणला. तोही सेंटर-फॉरवर्ड. तो कशासाठीं आला हें डीनला कळत नव्हतें असें नाहीं. तुला माझ्या जागेसाठीं आणलें आहे, मला जेवढें शिकवितां येईल तेवढें शिकवितों, असें त्यानें त्या मुलास मोकळेपणानें सांगितलें, आणि चेंडू डोक्यानें कसा मारावा हें जवळ घेऊन शिकविलें. मी मास्तर होतों, म्हणून हा प्रसंग मला साठ गोलांपेक्षां मोठा वाटतो. आपली जागा घेणाऱ्यास आपली विद्या देणें हें आम्हां मास्तरांनाही नेहमीं जमतें असें नाहीं.

१९३८ च्या मार्चमध्यें एव्हर्टननें डीनला नॉट्स काउंटीस विकलें. किंमत किती? तीन हजार पौंड. तेरा वर्षांपूर्वीं ज्या किमतीस घेतला त्याच किमतीस! मधल्या काळांत त्यानें लीगच्या ३९९ सामन्यांत ३४९ गोल केले. भांडवल जसेंच्या तसें परत आलें, वर तेरा वर्षांचें व्याज. व्याजाचीं उदाहरणें घालतांना असें उदाहरण माझ्या कधीं मनांत आलें नाहीं.

नॉट्स काउंटीस तो नऊच सामने खेळला; पाऊल दुखावलें होतें. १९३९ सालीं आयर्लंडमधल्या स्लायगो रोव्हर्सकडून खेळून त्यानें सात सामन्यांत दहा गोल केले. तेथील कपाच्या अंतिम सामन्यांत त्याचा संघ हरला. उपविजेत्याचें जें पदक मिळालें तेंही खोलींतून चोरीस गेलें. १९७८ सालीं स्लायगो पुन्हां अंतिम सामन्यास पोंचला म्हणून म्हातारा डीन तो पाहण्यास आयर्लंडास गेला असतां कोणीतरी त्याच्या नांवें एक लहानसें पुडकें ठेवून गेलें. आंत तेंच पदक! एकोणचाळीस वर्षें त्या चोरास झोंप कशी लागली असेल?

युद्धानंतर डीननें चेस्टर येथें 'डब्लिन पॅकेट' नांवाचें मद्यगृह बरींच वर्षें चालविलें. पुढें लिटलवुड्स या कंपनीच्या कचेरींत त्यानें हमाल-पहारेकऱ्याचें काम धरलें. फुटबॉलच्या सामन्यांचे निकाल ओळखून पैज लावण्याचा जो धंदा इंग्लंडांत चाले, त्यांतली ही मोठी कंपनी. तिचे मालक जॉन मूर्स हे एव्हर्टनचे अध्यक्षही होते आणि त्यांनीं जुन्या खेळाडूस आधार म्हणूनच ही नोकरी दिली. मीं यांत त्यांना दोष देत नाहीं. पण ज्याच्या डोक्यावरून गोल झाले, त्यानें गोलांवर पैजा घेणाऱ्या कचेरीचें दार सांभाळावें, हें चित्र डोळ्यांपुढें आलें म्हणजे थोडा वेळ कांहीं सुचत नाहीं. १९६४ सालीं त्याच्या मदतीसाठीं गुडिसन पार्कवर एक सामना झाला. तोपर्यंत त्याचा खेळ थांबून चोवीस-पंचवीस वर्षें लोटलीं होतीं, तरी हजारों लोक आले.

पगाराची ती मर्यादा १९६१ च्या जानेवारींत उठली. तेव्हां ती वीस पौंड होती. खेळाडूंच्या संघटनेनें संपाची नोटीस दिल्यावरच ती उठली. खेळाडूस अडकवून ठेवणाऱ्या नियमाविरुद्ध न्यायालयांत गेलेला जॉर्ज ईस्टहॅम हाही फॉरवर्डच. १९६३ सालीं न्यायमूर्ति विल्बरफोर्स यांनीं त्याच्या बाजूनें निकाल दिला. डीनच्या पिढीस यांतलें कांहीं मिळालें नाहीं.

शरीराचा हिशेब निराळाच. त्या काळचा चेंडू चामड्याचा, वर वादीनें शिवलेला. पावसांत भिजला म्हणजे जड होई. तो डोक्यानें मारून मारून मेंदूस काय होतें याची कोणास कल्पना नव्हती. जेफ अॅस्ल या पुढल्या काळच्या सेंटर-फॉरवर्डचा २००२ सालीं एकोणसाठाव्या वर्षीं अंत झाला, तेव्हां चौकशी अधिकाऱ्यानें तो धंद्यांतून जडलेला रोग असल्याचा निर्णय दिला. डीनचें डोकें शाबूत राहिलें. पाय राहिला नाहीं. रक्ताची गांठ अडकल्यामुळें १९७६ सालीं त्याचा उजवा पाय कापावा लागला.

मुला, तूं आतां चाळिशी ओलांडलेला गृहस्थ असशील. तुला मीं 'नाहीं' म्हटलें तें चूक होतें. तेरा वर्षें डीनचें पोट फुटबॉलवर भरलें, आणि चांगलें भरलें. पण त्या दिवशीं मीं 'होय' म्हटलें असतें तरी पुढचीं चाळीस वर्षें तुला कोणी सांगितलीं असतीं? आमच्याकडे निराळी रीत होती. गिरणी, रेल्वे, बँक यांत नोकरी मिळावयाची आणि नोकरीच्या पोटांत खेळ चालावयाचा. खेळ सुटला तरी कचेरींतली खुर्ची राही. ही रीत मला तेव्हां ठाऊक होती. ती तुला समजावून सांगण्यास पांच मिनिटें लागलीं असतीं. मीं तीं दिलीं नाहींत.

१ मार्च १९८० रोजीं गुडिसन पार्कवर एव्हर्टन आणि लिव्हरपूल या शेजारी क्लबांचा सामना होता. वृद्ध डीन तो पाहण्यास आला होता. प्रकृति ठीक नव्हती, पाय नव्हता, तरी आला. ज्या मैदानावर त्यानें साठावा गोल केला, त्याच मैदानावर, प्रेक्षकांत बसला असतां हृदयविकाराच्या झटक्यानें त्याचा अंत झाला. त्याचें वय त्र्याहत्तर होतें. सामना लिव्हरपूलनें दोन-एक असा जिंकला.